वारंग सरांचं ‘कशाचं?’

वारंग सरांसमोर ‘प्रेशर’ हा शब्द नुसता उच्चारायची सोय नव्हती. मुलांना नाही, शिपायाला नाही, हेडसरांनासुद्धा नाही. एकदा स्टाफरूममध्ये हेडसर कपाळ चोळत म्हणाले, “काय सांगू वारंग, इन्स्पेक्शन आलंय. फार प्रेशर आहे.”

सरांनी हातातला कप खाली ठेवला. “कशाचं?”

“कशाचं म्हणजे? इन्स्पेक्शनचं!”

“मग तसं पूर्ण बोला, सर. इन्स्पेक्शनचं प्रेशर. डोकं नाही ना दुखत?”

“छे हो, डोकं कशाला दुखेल?”

“मग बरं,” म्हणून सरांनी कप उचलला आणि राहिलेला चहा संपवला. हेडसर आमच्या तोंडाकडे बघत राहिले. नवीन होते बिचारे, त्यांना काय माहीत! आम्ही बाकीचे माना खाली घालून वह्या तपासायला लागलो. मला खरं तर कशावरही हसू येतं, मयताला गेले तरी पदराचा बोळा तोंडात धरावा लागतो. त्या दिवशी मात्र मी हसले नाही.

शाळा मुलुंडची, मराठी माध्यमाची. सर तिथं विज्ञान शिकवायचे, मी मराठी. वरून राहायला एकाच इमारतीत. ते तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे अगदी वर, आणि मी तळमजल्यावर. दिवसभर शाळेत वारंग सर, सकाळ-संध्याकाळ जिन्यात वारंग सर. “तुझा माझ्याशी एवढा सहवास नाही,” असं आमचे हे म्हणायचे. त्या ‘कशाचं’च्या मागे काय आहे ते मला पुरतं ठाऊक आहे, कारण ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर घडलं. सांगते. पण सर म्हणजे तेवढंच नव्हेत. आधी ते कसे होते ते सांगू दे, नाहीतर तुम्ही त्यांना एक विक्षिप्त म्हातारा समजून मोकळे व्हाल.

माणूस उंच, शिडशिडीत, मालवणकडचा. पँट घोट्याच्या वर, कारण कायम ओल्या गच्चीवर नाहीतर प्रयोगशाळेच्या मोरीत उभे असायचे. बोलणं एकदम रोखठोक. पोरांना ‘मेल्या’ म्हणायचे आणि पोरांना ते शाबासकीसारखं वाटायचं. विज्ञानाचं पुस्तक एवढं जाडजूड, पण ह्यांचा जीव सगळा एका धड्यात अडकलेला. रक्ताभिसरण. चुंबक, आम्ल, परागीभवन हे सगळं ते पोर्शन म्हणून उरकून टाकायचे. रक्ताचा धडा आला की अंगात आल्यासारखे शिकवायचे. माझा वर्ग शेजारीच, मधे लाकडी पार्टिशन. माझी मुलं समास सोडवताना कान तिकडे लावून बसायची. मी तरी त्यांना काय ओरडणार, मीही तेच करायची.

बाही वर सारून सर दंडाला रुमाल घट्ट बांधायचे. हातावरची शीर टरारून फुगायची. एका बोटानं ती मनगटाकडे दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटानं आतलं रक्त कोपराच्या दिशेला पुसत न्यायचं. मग ते दुसरं बोट उचलायचं. शीर सपाटच राहायची. वर गेलेलं रक्त खाली उतरत नसे.

“का नाही येत? रुमाल बांधलाय, वर फुगून बसलंय, तरी मागे का नाही येत?” सर ओरडायचे. “कारण शिरेत झडपा आहेत मेल्यांनो! हृदयाकडे जायला दार उघडं, मागे फिरायला बंद. एकदा गेलं की गेलं.”

“सर, आता खालचं बोट उचला ना!” पोरं कलकलाट करायची. सर बोट उचलायचे, शीर झर्रकन भरायची आणि माझ्या वर्गातल्या मुलांसकट सगळे टाळ्या वाजवायचे.

कुणीतरी दरवर्षी विचारायचंच, “सर, जिराफाला बी.पी. असतं?” सर खूश. “असतं तर! आपल्या दुप्पट. एवढी मान चढून डोक्यापर्यंत रक्त न्यायचं म्हणजे चेष्टा आहे? पण त्याच्या नळ्या त्या दाबाला पुरून उरतील अशाच असतात. तुझ्या-माझ्या नाहीत. तू जिराफाचं बी.पी. घेऊन फिरलास तर फुटशील.”

आणि प्रार्थनेच्या वेळची ती गंमत. आम्ही सगळे डोळे मिटून हात जोडून उभे, आणि सर ओळींमधून फिरत हळूच म्हणतायत, “बोटं हलवा. पायाची बोटं हलवा.” नव्या बाईंना वाटायचं, काय हा माणूस, प्रार्थना तरी सोडावी! पण त्यालाही कारण होतं. नववीतली सुजाता गायकवाड एकदा प्रार्थनेत धाडकन पडली. बाप विक्रोळीला कारखान्यात, पोरगी सकाळी घरचं सगळं आवरून उपाशीच शाळेत यायची. कोणी म्हणे पाणी मारा, कोणी म्हणे उठवून बसवा. मीच तिला खांद्याला धरून उठवत होते, तर सर गरजले, “बाई, सोडा तिला! आडवी राहू दे. डोक्याकडे रक्त पोचत नाहीये म्हणून तर पडली, तुम्ही परत उभी कसली करताय?” त्यांनी तिचे पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवले. थोड्या वेळानं पोरीनं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी तीच पोरगी स्टाफरूमच्या दारात. “सर, उभं राहिल्यावर सगळ्यांचंच रक्त खाली जात असेल ना? मग सगळेच का नाही पडत?”

ह्या प्रश्नावर सर आठवडाभर तरंगत होते. “बाई, ऐकलंत? सगळेच का नाही पडत! अहो, इतकी वर्षं शिकवतोय, हे मला कोणी विचारलं नव्हतं.” मग त्यांनी तिला, आणि तिच्या मागे मलाही, समजावलं. माणूस उभा राहिला की शरीर खालच्या नळ्या थोड्या आवळून घेतं. खालची वाट अरुंद झाली की वरचा दाब टिकतो, डोक्याला रक्त मिळतं. पोटऱ्या हलल्या की त्याही पिळून रक्त वर ढकलतात. म्हणून बोटं हलवायची. त्या दिवसापासून मीही प्रार्थनेत बोटं हलवायला लागले. अजून बँकेच्या रांगेत उभी राहिले की हलवते.

आता वहिनी. शालिनीवहिनी, सरांच्या बायको. ठेंगणी, गोरीपान, हसली की डोळे पार मिटून जायचे. मूलबाळ नव्हतं. सर सगळ्यांशी शुद्ध बोलायचे, वहिनी आल्यागेल्या सगळ्यांशी मालवणीतच. मी पार्ल्याची, मला पहिले काही महिने निम्मं कळायचंच नाही, मी आपली हसून ‘हो हो’ म्हणायची. वहिनींना प्रेशर होतं, म्हणजे रक्ताचं. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलेलं. सुक्या बांगड्याचं तिखलं, कैरीचं लोणचं, सगळं बंद. “मीठ नाय तर जेवाण कसला?” म्हणून त्या दिवसाआड माझ्याकडे यायच्या आणि माझ्या बरणीतली लोणच्याची फोड चाखून जायच्या. सर वर चढून जाताना माझ्या दारातून डोकावून म्हणायचे, “बाई, बरणी वरच्या फळीवर ठेवा. बायको ठेंगणी आहे माझी.”

पाऱ्याचं यंत्र सरांकडे होतं, लांबट डब्यातलं. रविवारी सकाळी वहिनींच्या दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, कानाला नळ्या. वहिनी कुरकुरायच्या, “हात आवळूकच लगीन केलात काय?” इमारतीतले सगळे मग आपापले हात घेऊन रांगेत. कोणाला सर दोन आकडे सांगून सोडून देत नसत. वरचा आकडा म्हणजे हृदय दाबतं तेव्हाचा, खालचा म्हणजे ते सैल पडतं तेव्हाचा. “खालचा आकडा बघा शिर्के. तुमचं हृदय विसाव्यालासुद्धा कण्हतंय. सिगारेट सोडा.” दुसऱ्या मजल्यावरचे शिर्केकाका तिथंच शपथ घ्यायचे आणि संध्याकाळी गच्चीवर मोडायचे.

आमच्या इमारतीत आणखी एक प्रेशर होतं, नळाचं. टाकी गच्चीवर. तळमजला टाकीपासून सगळ्यांत खाली, म्हणून माझ्या नळाला बदाबदा पाणी. तिसरा मजला टाकीच्या लगेच खाली, तिथं बिचारं पाणी ठिबकायचं. त्यात पाइप जुना, आतून गंजानं भरलेला. सकाळी ठरल्या वेळी पाणी सोडायचं, आणि ते संपेपर्यंत इमारतभर एकच शब्द. ‘प्रेशर आलं का?’ ‘प्रेशर गेलं!’ ‘आज मेलं प्रेशरच नाही.’ कुकरला प्रेशर, नळाला प्रेशर, वहिनींना प्रेशर. एका शब्दावर आम्ही सगळे संसार करत होतो.

सरांनी मग सोसायटीच्या मागे लागून खालच्या मजल्यांच्या लाइनीवर व्हॉल्व बसवून घेतला, नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. सकाळी सर खाली उभे राहून तो आवळणार, माझी धार बारीक होणार आणि वरची वाढणार. वहिनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सांगणार, आलं, गेलं, वाढलं. मी चिडले. “सर, माझ्या नळाची वाट लावलीत तुम्ही! करंगळीएवढी धार राहिली.”

“बाई, सुजाताला सांगितलं तेव्हा मान डोलवत होतात ना? खालच्या नळ्या आवळल्याशिवाय वर पोचत नाही. तुम्ही पाय आहात, आम्ही डोकं. सोसा जरा.”

“डोकं कोण आणि पाय कोण ते शाळेत बघून घेईन!” मी म्हटलं. पण सोसलं.

व्हॉल्वनंही फारसं भागेना. शेवटी सोसायटीनं जुना पाइप बदलायचं ठरवलं. त्यालाही सरांचीच कटकट कामी आली. प्लंबरनं नवा पाइप घालताना जुन्याचा तुकडा कापून दिला. बाहेरून बघाल तर चांगला जाडजूड, आत बघाल तर पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक. सर तो तुकडा हातात घेऊन मूल दाखवावं तसा दारोदार दाखवत सुटले. शाळेतही नेला. “नळी निम्मी झाली तर पाणी निम्मं होत नाही मेल्यांनो, सोळावा हिस्सा होतं! मग बिचारं हृदय काय करतं? जोर वाढवतं. आणि जोर वाढवला की?”

“फुटतं, सर!” वर्ग ओरडायचा.

“कुठं फुटतं?”

“जिथं नळी कच्ची असेल तिथं!”

पार्टिशनच्या अलीकडे बसून मी हे ऐकलंय. घरी त्यांनी तोच तुकडा वहिनींना दाखवला, “हे बघ, तुझ्या आत असं होतंय, आणि तू लोणचं खातेस.” वहिनी म्हणाल्या, “मगे माका पण नवीन पाइप घाला!” मी तिथंच होते. आम्ही तिघं हसलो.

नवी लाइन सुरू व्हायची ती सकाळ. सणासारखी. सगळे खिडक्यांत. मी हातात पातेलं घेऊन उभी. सर व्हॉल्वपाशी उकिडवे, धोतर नेसल्यासारखी लुंगी आवळून. पाणी सोडलं. सगळे कान वर.

“आला! आला!” वहिनींचा आवाज. टाळ्या पडल्या. शिर्केकाकांनी तर शिट्टी मारली. सरांनी व्हॉल्व आणखी थोडा आवळला. “वाढला काय गो?”

“वाढला!”

मग आपापली कामं सुरू झाली. बादल्यांचे आवाज, भांड्यांचे आवाज. थोड्या वेळानं वहिनी पुन्हा खिडकीत आल्या. मला दिसल्या नाहीत, मी खाली आत होते, पण आवाज स्वच्छ आला. “अहो, प्रेशर वाढला!”

“वाढूं दे! भरून घे सगळा!” सर खुशीत.

“अहो, लय वाढला हा प्रेशर. वर येवा.”

सर माझ्या खिडकीकडे बघून हसले. “बघा बाई. कालपर्यंत नाही म्हणून रडत होती, आज जास्त झालं म्हणून तक्रार.” आणि त्यांनी व्हॉल्वला अर्धा फेरा देऊन तो सैल केला. माझी धार जरा वाढली. सरांनी मान वर करून विचारलं, “आता कमी झाला?”

उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे झालं असेल, असंच कोणालाही वाटेल. सरांनी हात धुतले, माझ्याशी दोन शब्द बोलले, नव्या लाइनीचं कौतुक केलं आणि जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वर त्यांना पायरीवरून पाणी उतरताना दिसलं.

वहिनी नळाखाली पडल्या होत्या. पिंप भरून वाहत होतं, नळ चालूच होता. इस्पितळात नेलं तेव्हा श्वास होता. पण बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. मग केसपेपर बघत त्यांनी विचारलं, “ह्यांना प्रेशर होतं ना?” सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, “कशाचं?” डॉक्टरांना वाटलं माणूस भ्रमिष्ट झालाय. मी बाजूलाच उभी होते, मला कळलं.

मी मराठीची बाई. षष्ठी विभक्ती शिकवण्यात हयात गेली. चा, ची, चे, माझा, माझी, माझं. तेवढा एक शब्द वहिनींनी लावला असता तर सर तीन मजले एका दमात चढले असते. पण लावतील कशा? त्या बाईनं जन्मात कशाला ‘माझं’ म्हटलं होतं? आमटी खारट झाली तर ‘माझी चूक’, एवढंच. दुखणं कधी ‘माझं’ नसायचं. डोका दुखता, पाय सुजले, प्रेशर वाढला. कोणाचं ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. आम्ही सगळ्याजणी अशाच बोलतो. त्या दिवसापासून मी घरात ठणकावून ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणते. ह्यांना वाटतं मी भांडायला आलेय.

दिवसपाणी झालं. पाणी तर रोज सोडायचंच होतं. सर व्हॉल्वला हात लावायला तयार होईनात, शिर्केकाका उभे राहिले. त्यांनी सवयीनं खालून हाक मारली, “आलं का हो प्रे—” आणि जीभ चावली. वरून शब्द आला नाही. जरा वेळानं थाळी वाजली. सर वहिनींच्या खिडकीत उभे होते, वहिनींची थाळी आणि डाव घेऊन. पाणी आलं की एकदा वाजवायचे, वाढलं की दोनदा. कोणी ठराव केला नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून आमची इमारत थाळी वाजवायला लागली. बाहेरचे लोक विचारायचे, ही काय तुमच्याकडे रोज सकाळी आरती असते का? आम्ही म्हणायचो, हो, असते.

शाळेत सर तोच धडा शिकवत राहिले. मला वाटलं होतं टाळतील. टाळला नाही. पाइपचा तुकडा टेबलावर ठेवायचे. फक्त ‘आणि जोर वाढवला की?’ हे विचारायचे बंद झाले. मुलांनी ‘प्रेशर’ म्हटलं की ‘कशाचं?’ ठरलेलं. पोरं नक्कल करायची, एकमेकांना चिडवायची. “अरे, परीक्षा आली, फार प्रेशर आहे!” “कशाचं?” मी एकदोघांचे कान पिळले. सरांना कळलं तेव्हा म्हणाले, “करू दे नक्कल, बाई. विचारायची सवय लागली तर वाईट आहे का?”

पण त्यांना स्वतःला एकच विचारायचं होतं. भेटेल त्या डॉक्टरला. दवाखान्यातल्या, लग्नात भेटलेल्या, दातांच्यासुद्धा. “ती ओरडली तेव्हाच मी वर गेलो असतो, तर वाचली असती?” सगळे डॉक्टर भले लोक. खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “असं मनाला लावून घेऊ नका. वेळ आली होती.” सर घरी येऊन चिडायचे. माझ्या दारात उभं राहून तणतणायचे, “वेळ आली होती! हे काय उत्तर आहे? विज्ञान शिकलेत ना हे? मला माया नकोय, बाई, मला उत्तर हवंय.” त्यांचा चेहरा त्या वेळी बघवत नसे. जिन्यात दिवे लागले की ते पायऱ्यांकडे बघत चढायचे. पायरी ओली दिसली, कोणाची बादली हिंदकळलेली असायची, तर तिथंच थबकायचे. मी सांगायला नको, पण त्या दिवसांत मी माझी पायपुसणी दोन केली आणि कपडे पिळून घेतल्याशिवाय गच्चीवर नेले नाहीत. इमारतीतल्या सगळ्याच बायका तसंच करायच्या.

सर निवृत्त व्हायच्या वर्षी सुजाता गायकवाड आली, पेढे घेऊन. डॉक्टर झाली होती. तीच पोरगी, उपाशी पडलेली! मी तिला मिठीच मारली. सर खाली माझ्याकडेच बसले होते. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “सर, अजून वॉर्डमध्ये उभी राहिले की बोटं हलवते.” सर हसले. मला माहीत होतं आता काय येणार. त्यांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. व्हॉल्व, थाळी, अर्धा फेरा, सगळं. “आता तू सांग. मी वर गेलो असतो तर वाचली असती?”

सुजातानं खांद्यावर हात ठेवला नाही. तिनं उलट प्रश्न विचारले. आवाज कसा होता, शब्द अडखळत होते का, दोन्ही वेळी सारखाच होता का. मग म्हणाली, “सर, मला नक्की नाही सांगता येणार. फुटली कधी, ओरडल्या त्याच्या आधी की नंतर, ते कोणालाच कळणार नाही. तुम्ही लगेच नेलं असतं तरी बहुतेक नसत्या वाचल्या. पण बहुतेक म्हणतेय मी.”

“बहुतेक,” सर म्हणाले. दोनदा म्हणाले. “शाबास. पहिल्यांदा कोणीतरी उत्तर दिलं.” मला वाटलं, सुटला माणूस. पण ते तिच्याकडे बघत पुढे बोलले, “वाचली नसती हे धरून चालू. पण ‘वर या’ म्हणाली होती ना ती. ती खाली पडत होती आणि मी ह्या बाईंच्या खिडकीखाली झडप फिरवून विचारत होतो, आता कमी झालं का. ह्याचं काय करायचं गं?”

पेढ्यांचा पुडा तसाच मधे पडून राहिला.

निवृत्तीनंतर सरांनी गावी, मोठ्या भावाकडे जायचं ठरवलं. खोलीत भाचा महेश आणि त्याची नवी नवरी वर्षा राहायला आली. गोड पोरगी, खळखळून बोलणारी, साताऱ्याकडची. आम्ही सगळ्यांनी तिला सगळं समजावलं, दूधवाला, कचरेवाला, पाण्याची वेळ. थाळीचं सांगायचं मात्र राहून गेलं. तिला कोण काय म्हणून सांगणार होतं?

सर निघाले ती सकाळची एस.टी. होती. रिक्षा फाटकात उभी, ट्रंक मागे ठेवलेली. पाइपचा तुकडा त्यांनी शाळेला दिला होता आणि पाऱ्याचं यंत्र शिर्केकाकांना. “वापरा. आणि खालचा आकडा बघा,” म्हणाले. माझ्या खिडकीशी येऊन निरोप घेतला. “बाई, तुमची धार बारीक केली होती, राग मानू नका.” मी खिडकीतूनच हात जोडले. सर रिक्षात जाऊन बसले. नेमकी पाण्याची वेळ होती, शिर्केकाका माझ्या खिडकीखाली व्हॉल्वपाशी वाकलेले.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वर्षाचा आवाज आला, अगदी तिथूनच. “काका! अहो काका, प्रेशर वाढलंय!”

शिर्केकाकांचा हात व्हॉल्ववरच राहिला. दुसऱ्या मजल्यावरची भांडी थांबली. इतक्या वर्षांत त्या खिडकीतून हा शब्द आला नव्हता. मी फाटकाकडे बघितलं. सर रिक्षातून उतरले होते. अंगणाच्या मधोमध येऊन त्यांनी मान वर केली.

“कशाचं?”

वर्षा खिडकीतून वाकली, ओल्या हातानं केस मागे सारत. “पाण्याचं हो, मामा! नळाचं! दुसरं कशाचं असणार?”

“डोकं दुखतंय का तुझं?”

“नाही हो!” ती हसली. “निघा तुम्ही, गाडी चुकेल!”

रिक्षावालाही म्हणाला, “काका, बसा की, उशीर होतोय.” सरांनी त्याला हातानं थांब म्हटलं. चपला सारख्या केल्या आणि जिन्याकडे वळले. त्या वयात, तीन मजले, एक एक पायरी. शिर्केकाका व्हॉल्वपाशी तसेच उभे, मी खिडकीत. वर दार वाजलं, वर्षाचा नवल वाटल्याचा आवाज आला, “अगंबाई, मामा, काय राहिलं का?” मग काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं सर खाली आले.

मी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. चपला कोरड्या होत्या.

माझ्या खिडकीशी क्षणभर थांबून ते म्हणाले, “पाण्याचंच होतं, बाई.” आणि जाऊन रिक्षात बसले.